दुसरी सिस्टर

किडनीच्या दुखण्याने कारभारीबाबा जामखेडच्या एका दवाखान्यात लघवीची नळी लावून पडले होते. अफ्रीन सिस्टर तासातासाला पिशवीतली लघवी मोजून लिहायची आणि जास्तीचं पाणी मागितलं की अडवायची.

"माझं मूत मोजाया लाज न्हाई वाटत तुला?" सगळ्या वॉर्डासमोर ते तिच्यावर खेकसले. तक्रार करून त्यांनी दुसरी सिस्टर मागून घेतली. ती पिशवीकडे न बघताच आकडे भरायची आणि मागतील तेवढं पाणी द्यायची. चांगले आकडे बघून डॉक्टरांनी बाबांना घरी सोडलं.

आठवड्यात ते अंग सुजून, धापा टाकत परत आले. अफ्रीन डायलिसिसच्या तयारीला लागली, तसा त्यांनी हात ओढून घेतला.


"तू नगं. ती दुसरी हुती तवा मी बरा हुतो."