चुली किती?

"घरात चुली किती?"

शाकीरनं विचारलं आणि टॅबवर बोट टेकवून तो थांबला. अंगणात निम्मी गल्ली जमली होती. उंबऱ्यावर बसलेल्या निंगव्वानं उत्तराला वेळ लावला नाही.

"एकच."

शाकीर सोलापुरातनं, शुक्रवार पेठेतनं, मोटारसायकलवर अक्कलकोट तालुक्यातल्या या गावात आला होता. एका संस्थेसाठी तो गावोगाव चुली मोजत होता. मातीची चूल फोडायची, फोटो द्यायचा, मग तिच्या जागी बिनधुराची लोखंडी चूल फुकट. हे कशासाठी, तेही त्यानं आधीच समजावलं होतं. सगळ्या देशांनी मिळून धूर कमी करायचं ठरवलंय. परदेशातल्या एका कारखान्याला स्वतःचा धूर आवरत नाही, म्हणून तो पैसे देऊन इथला धूर कमी करून दाखवणार.

"म्हंजी धूर त्येंचा, आन् चूल फोडायची माझी?" निंगव्वानं विचारलं होतं. गल्ली हसली होती.

"तसंच समजा की, आजी," म्हणत शाकीरही हसला होता.

त्याला फक्त आकडा हवा होता. जितक्या चुली, तितक्या नव्या चुली. पण या गावात कुणाच्या चुली विचारणं म्हणजे ते घर फुटलं का, हे विचारणं. निंगव्वा या घरात लग्न होऊन आली तेव्हा एका चुलीवर तेवीस माणसं जेवत होती. बहात्तरच्या दुष्काळात त्याच चुलीवर तिनं मिलोच्या, अमेरिकेतनं आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी भाजल्या. त्याही पुरत नव्हत्या, तरी कुणी वेगळं निघालं नाही. सासूनं मरताना दागिन्यांचं काही सांगितलं नाही. "चूल एक ठेव," एवढंच म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिच्या मुलांचं, मल्लप्पाचं आणि गुरुचं, बिनसलं. गुरुच्या बायकोनं, रुपालीनं, परसात तीन दगड मांडले. तिथं ती दोघांचा स्वयंपाक करायची आणि सोलापूरच्या एका दुकानासाठी रोज शंभर कडक भाकरी भाजायची. जळण तुराट्यांचं. ओल्या असल्या की डोळे उघडत नसत. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर ही बाई टिकणार नाही. निंगव्वाला हे ठाऊक होतं. गावाला मात्र ती सांगायची, मागची चूल नुसती पाणी तापवायची.

"मग मागं धूर कसला?" शाकीरनं मान वर केली.

"आंघुळीचं पाणी ठिवलंय."

"आणि खोकतंय कोण?"

"धाकटी सून. पडसं झालंय."

रुपाली परसदारात उभी होती. पदर तोंडावर होता. तिनं सासूकडं बघितलं. सासू शाकीरच्या टॅबकडं बघत राहिली. चार माणसांत सासूचा शब्द खोडायची रीत नव्हती. रुपाली मागं वळली.

मल्लप्पानं वरवंट्यानं चूल फोडली. शंभर वर्षांची माती, चार घावांत बसली. फोटो निघाला. आठ दिवसांनी एक खोकं आलं.

खोकं उतरवताना निंगव्वानं शाकीरला बाजूला घेतलं. "आनखी एक घाल की रं बाबा."

"आजी, यादी वर गेली. आता माझ्या हातात काय नाही." तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमीच एक म्हणालात की."

त्याच दिवशी ती नवी चूल निंगव्वानं स्वतः उचलून परसात नेऊन ठेवली. गुरुनं ती तशीच परत आणून आदळली.

"थोरल्याच्या चुलीवर माझी भाकरी नको. आमचे दगड बरे हायत."

"गुरु, तिच्या छातीकडं तरी बघ."

"अव्वा, मोजायच्या वक्ताला बघायचं हुतं."

रुपालीनं दगडांत आणखी दोन तुराट्या सारल्या.

वर्षानं शाकीर तपासणीला आला. या खेपेला अंगणात कुणी जमलं नाही. लोखंडी चूल पेटलेली होती. तिच्यापुढं मल्लप्पा आणि गुरु शेजारी शेजारी जेवत होते. परसातल्या तीन दगडांमध्ये, गार राखेत, एक कोंबडी अंड्यावर बसली होती.

"वा! धूर कुठंच नाही," शाकीर खूश झाला. "सुनेचा खोकला गेला का, आजी?"

"गेला."

गुरुचा घास हातातच राहिला. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, रुपालीच्या फोटोचा हार वाळला होता. माणूस गेलं की त्याच्या चुलीत त्या दिवशी जाळ करत नाहीत. फाल्गुनातल्या त्या दिवशी थोरल्या सुनेनं गुरुपुढं ताट ठेवलं. तेव्हापासून तो तिथंच जेवत होता. भावांचं भांडण कधी मिटलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शाकीर टॅबमध्ये बघत होता. "एक राहिलं. विचारावंच लागतं. घरात चुली किती?"

निंगव्वाला या वेळी उत्तराला वेळ लागला.

"एकच."

"मागच्या वर्षीही एकच. बरोबर जुळलं."

"न्हाय, बाबा," निंगव्वा म्हणाली. "मागल्या साली दोन हुत्या."