थोरलीला हाक

तिच्या भाषेत 'ओया' म्हणजे थोरली बहीण. या शहरात साफसफाईला आलेल्या तिकडच्या बायका एकमेकींना तशीच हाक मारायच्या. शहरानं तो शब्द उचलला आणि त्याचा अर्थ केला मोलकरीण. "संडास तुंबलाय, एखादी ओया पाठवा," असं साहेब फोनवर म्हणाले, की शेजारी ती फडकं जरा जास्तच जोरानं पिळायची.

आज तिची सख्खी थोरली आली. स्टेशनच्या गर्दीत ती दिसताच हिनं हात उंचावला, तोच इथं जन्मलेल्या लेकीनं तिचा दंड धरला.

"शी, आई! तसं ओरडू नकोस. लोकांना मावशी कामवाली वाटेल."

तिला लेकीची किळस आली. तरी ओठांवरचा शब्द गिळून तिनं आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीला नावानं हाक मारली.

थोरली जवळ आली, पिशवी खाली ठेवून हळूच म्हणाली, "रागावलीस का गं माझ्यावर?"