गंगाजळी

"डॉलरवर आता कुणाचाही भरवसा उरलेला नाही!" अण्णांच्या उशाशी बसून श्रीरंग ओरडला. हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. "जगानं यापुढे युआनच साठवावा."

"ज्याच्या दाराची कडी चिनी सरकारच्या हातात, तो? अडीनडीला बाहेरच काढू दिला नाही, तर काय चाटायचाय?" बँकेतून निवृत्त झालेला मुकुंद पायथ्याशी कडाडला. "त्यापेक्षा सोनं बरं, शहाण्या!"

वडिलांना घरघर लागलेली, आणि पेपरांतून वर्षानुवर्षं चाललेलं भावांचं भांडण आता खाटेपर्यंत आलेलं. त्यांच्या बहिणीच्या, यमुताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी ओठांवर गंगेचा थेंब पडावा, एवढंच मागणं अण्णा जन्मभर कीर्तनात देवापाशी मागत आले होते. तेवढ्यात त्यांचे ओठ हलले.

"गंगाजळी..."

"ऐकलंस? अण्णाही तेच विचारताहेत!" श्रीरंगला चेव चढला. "अण्णा, देशादेशांची गंगाजळी आता युआनमध्येच..."

"मेल्यांनो, ते गंगेचं पाणी मागताहेत!" यमुताईनं देव्हाऱ्यातला काशीचा गडू आणून आदळला. तोंड झाळून पक्कं बंद केलेलं. मुकुंदनं तो धरला, श्रीरंगनं पेचकस खुपसला.

"तुझ्या युआनसारखाच आहे, उघडतोय कुठला!"

"तू आधी नीट धर!"

झाकण निघालं तेव्हा अण्णांचा श्वास थांबला होता. यमुताईनं तरीही मिटल्या ओठांवर दोन थेंब सोडले. पाणी गालावरून ओघळून उशीत जिरलं.

"आता भांडा खुशाल," ती म्हणाली. "गंगाजळी काठोकाठ भरलेली आहे."