नाव न सांगितलेली मुलगी

या, जरा जवळ सरकून बसा. दोन बहिणींची एक गोष्ट सांगायची आहे.

उत्तर जर्मनीतल्या लेअर गावात हाब्बो नावाचा दोन मुलींचा बाप राहायचा. त्याच्या घरच्या इंटरनेटवरून कोणीतरी गाणी फुकट वाटली, म्हणून संगीत कंपनीने खटला भरला. जोडणी हाब्बोच्या नावावर. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कुठल्या मुलीने केलं, ठाऊक आहे ना? नाव सांगा आणि सुटा. नाहीतर भरपाई तुमच्यावर." हाब्बो म्हणाला, "ठाऊक आहे, पण पोरीचं नाव नाही सांगणार." भरपाईसाठी त्याने जिवापाड जपलेली होडी विकली.

थोरली वीब्के आतून जळत होती. हे धाकट्या टोमकेचंच काम, अशी तिची खात्री. तिच्यावर बाबांची एवढी माया! चहाला बसल्यावर तिने टोमकेला टोचलंच, "बाबांची होडी गिळलीस, आता केकही घे की, लाडूबाई!"

टोमके उठून गेली. तशी वीब्के बापावर उसळली, "माझ्या हातून झालं असतं, तर माझं नाव लगेच सांगून मोकळे झाला असता तुम्ही!"

हाब्बोने कप खाली ठेवला. "वीब्के, तुला वाटतं तू गाणी नुसती उतरवून घेतलीस. पण तुझा तो प्रोग्राम घेता घेताच ती जगाला वाटत होता. टोमकेनेच शोधून काढलं. आणि वर मला म्हणाली, 'बाबा, ताईला कळू देऊ नका, तिला फार लागेल.'"

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या टोमकेची आठवण ठेवा.