खंडनाचे धा मार्क

अय पोरींनो, ऐका की, परवा तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेत माझं काय झालं ते! विषय होता, शाळेत मोबाईल आणू द्यावा का, अन् मी विरोधात. दोन वर्षं माझा दुसराच नंबर आला, आता दहावी, म्हणजे जिंकायची ही शेवटचीच संधी. म्हणून ढवळे सरांनी भाषणासोबत समोरच्याचे मुद्दे खोडायचं खंडनपण आधीच लिहून दिलं, अन् मी ते आठ दिवस घोकलं.

माझं भाषण तर लई भारी झालं. मग मोबाईलच्या बाजूनं बोलायला बेंबळीच्या शाळेचा वैजनाथ उठला, "सन्माननीय परीक्षक" म्हणला अन् तिथंच अडकला. घंटी वाजेपर्यंत नुसता घाम पुसत उभा राहिला, अन् गपचूप खाली बसला.

लगेच माझं खंडन पुकारलं. मी सरांच्या कानात म्हणले, "सर, त्यो तर काहीच बोलला न्हाय, आता खोडू काय?"

"पाठ केलंय ते म्हण की! धा मार्क सोडतीस व्हय?"

गेले माईकपुढं. माझं पाठांतर असं, की एक वाक्य गाळलं तर पुढचं आठवतच न्हाय. मग काय, "माझे प्रतिस्पर्धी म्हणाले की मोबाईलनं ज्ञान वाढतं" इथून सुरू झाले. त्याचे चारी मुद्दे मीच सांगितले अन् मीच खोडले. कळत होतं, पण थांबताच येईना!

शेवटी खंडनासाठी वैजनाथला बोलावलं.



त्यो माईक धरून हळूच म्हणला, "परीक्षक महोदय, ताईंनी जे खोडलं, त्यातलं मी काहीच बोललो नव्हतो."