दोरीवरची तुकडी

चौकीतली अर्धी तुकडी दुसऱ्या आघाडीवर गेली, तरी धोबीकाका रोज सकाळी पूर्वीइतक्याच वर्द्या दोरीवर वाळत घालायचे. टेकडीवर दबा धरून बसलेले अतिरेकी दुर्बिणीतून त्यांवरूनच माणसं मोजायचे. म्हणून काका कोठारातल्या जुन्या वर्द्याही भिजवून टांगत, रोज जागा बदलत. नव्या साहेबांना शक्कल आवडली, पण एका वर्दीपाशी ते थबकले. छातीवर रफू होतं. काकांचा मुलगा याच चौकीवर, याच वर्दीत मारला गेला होता. "काका, ही तरी घरी न्या. काकूंजवळ राहू दे." काकांनी वर्दी बादलीत बुचकळली, पिळली, फटकन झटकली. "नेली होती, साहेब. तिनेच रफू करून परत धाडली. म्हणाली, एक जरी कमी दिसली तर मेले शेफारतील." टेकडीच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे त्यांनी ती टांगली. "त्याच्या जागी माणूस येईपर्यंत त्याला रजा नाही."