अज्ञात इसम

अंबिकाकाकूंचा नेम बरोब्बर लागला. कशाला, ते सोडा; कुणी विचारलं, तर तसं काही घडलंच नाही.

अंगणातल्या प्लास्टिकच्या टाकीचा पाइप घुशीनं दोनदा कुरतडला होता, आणि आठ दिवसांनी येणारं पाणी दोन्ही वेळा गटारात गेलं होतं. "मुडदाच पाडते तिचा," म्हणत काकूंनी गुलमंडीत सगळ्यात स्वस्त छऱ्याची बंदूक निवडली.

"सस्ती है काकू, पण जरा डावीकडं मारती," दुकानदार करीमभाईनं बजावलं.

"मारू दे. माझा राग सरळ आहे."

पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली. घूस टाकीच्या उजव्या अंगाला येऊन बसली, आणि काकूंनी चाप ओढला.


दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना अर्ज गेला: "अज्ञात इसमाने टाकीस भोक पाडल्याने पुढील पाणी आजच सोडावे, व सदर बाब घुशीस कळवू नये, ही नम्र विनंती."